आपले, पण तिकडचे

दोन गावांना मिळून एक ग्रामसेवक असला की तो कुठल्याच गावात नसतो, हे जुन्नर-आंबेगावच्या कुठल्याही शेतकऱ्याला शाळेची पायरी न चढता उमगलेलं प्रमेय आहे. आपल्या गावात विचारावं तर उत्तर येतं, "भाऊसाहेब तिकडं गेलेत." तिकडं जावं तर पारावरची मंडळी मोठ्या आपुलकीनं सांगतात, "आत्ताच तुमच्याकडं निघाले की!" खुर्चीच्या पाठीवर त्यांचा पांढरा टॉवेल मात्र दोन्हीकडे असतो, देव हिंडायला गेला तरी मागे पादुका राहाव्यात तसा. मी जिल्हा परिषदेचा मास्तर. नोकरीत दोनदा मीही असा टॉवेल झालो. भीमाशंकरच्या अंगाला एका शाळेचा मुख्याध्यापक, आणि ओढ्यापलीकडच्या दुसऱ्या शाळेचा 'अतिरिक्त कार्यभार'. पावसाळ्यात ओढा भरला की मी ज्या काठावर अडके त्या शाळेची पोरं हिरमुसत, आणि पलीकडची पोरं पाणी उतरू नये म्हणून देवाला नारळ बोलत. अतिरिक्त कार्यभार ही मराठी मुलखानं जगाला दिलेली देणगी आहे, असं मला निवृत्त होईपर्यंत वाटत होतं. मग पुतण्यानं मला फुटबॉल दाखवला.

पुतण्याचं नारायणगावात ठिबक सिंचनाचं दुकान आहे. काळ्या नळ्यांची वेटोळी छतापर्यंत रचलेली, आणि त्यांच्या मधोमध खिळ्याला एक आकाशी शर्ट टांगलेला. काळ्या ढगांच्या फटीतून आभाळाचा तुकडा दिसावा तसा तो दिसतो. गिऱ्हाईक विचारतं, "कुठल्या कंपनीचा?" पुतण्या म्हणतो, "मुंबई सिटी." गिऱ्हाईक जरा विचार करून म्हणतं, "सबसिडीत बसते का?" पुतण्याला याचा राग येत नाही. फुटबॉलवर प्रेम करणारा माणूस आमच्या भागात राहिला की त्याची सहनशक्ती आपोआप वाढते. इथं जत्रेत कुस्ती, उन्हाळ्यात बैलगाडा आणि बारा महिने क्रिकेट. चेंडूला लाथ मारणं हा प्रकार अजून थोडा असंस्कृतच समजला जातो.

सामना असला की तो भल्या पहाटे दुकानाची किल्ली पोऱ्याकडे देतो आणि आळेफाट्यावरून माळशेजमार्गे कल्याणची गाडी धरतो. तिथून लोकलनं अंधेरी. या वाटेनं मुंबईच्या दिशेला गेलेला सगळ्यात नामांकित प्रवासी म्हणजे 'आजोबा' नावाचा बिबट्या. २००९ साली तो पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीत पडला, बाहेर काढून गळ्यात पट्टा बांधून त्याला माळशेजला सोडलं, आणि तो घाट उतरून पायी पायी मुंबईच्या अंगाला जाऊन राहिला. (हल्ली आमच्याकडे बिबट्याचं नाव काढलं की हसू येत नाही, दार लावून घ्यावंसं वाटतं, तेव्हा एवढंच.) त्याला सोडायचं कुठं हे वनखात्यानं ठरवलं, राहायचं कुठं हे त्यानं ठरवलं. फुटबॉलमधल्या मंडळींना ही मुभा नसते, हे मला पुढे कळायचं होतं.

नोव्हेंबर २०१९ मध्ये पुतण्यानं घरी पेढे आणले. मँचेस्टर सिटीच्या मालकांनी, म्हणजे सिटी फुटबॉल ग्रुपनं, मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा घेतला होता. त्यानं बोटांवर मोजून दाखवलं: मँचेस्टर, न्यूयॉर्क, मेलबर्न, योकोहामा, उरुग्वेतलं मोंतेविदेओ, स्पेनमधलं जिरोना, चीनमधलं सिचुआन, आणि आठवं आपलं मुंबई. शर्टसुद्धा बदलायला नको होता; मुंबईचा रंग पहिल्यापासून आकाशीच. "काका," तो म्हणाला, "आपण मँचेस्टरच्या कोचचे, गार्डिओलाचे भाऊबंद झालो!" मी पेढा तोंडात धरूनच म्हणालो, बाबा, हा शब्द जरा जपून वापर. या तालुक्यात 'भाऊबंद' म्हटलं की लोक आधी सातबारा काढतात.

पहिली दोन वर्षं मात्र दिवाळी होती. गोव्याच्या संघाचा कोच सर्जिओ लोबेरा मुंबईत आला, आणि मार्च २०२१ मध्ये फातोर्ड्याच्या मैदानावर शेवटच्या मिनिटाला बिपिन सिंगनं गोल करून इंडियन सुपर लीगचा चषक आणला. पुतण्या त्या रात्री इतका ओरडला की शेजारच्यांना वाटलं, गोठ्यात काहीतरी शिरलं. आणि ऑक्टोबरात बातमी आली, लोबेरा निघाला. राजीनामा नाही, हकालपट्टी नाही. घरातल्या घरातच दुसऱ्या कामावर. पुढे तो चीनमधल्या भावाकडे, सिचुआनला रुजू झाला. त्याच्या जागी त्याच दिवशी मेलबर्नहून डेस बकिंगहॅम. पुतण्या दोन दिवस जेवला नाही नीट. मला त्याचं दुःख कळेना. "अरे, बदली झाली," मी समजावलं, "बदली म्हणजे काही मरण नव्हे. मी चार बदल्या पाहिल्या." तो म्हणाला, "काका, तुमची बदली झाली तेव्हा पोरं रडली होती की नाही?" मी गप्प बसलो. रडली होती. ओढ्याच्या दोन्ही बाजूंची.

नवा बकिंगहॅमही गुणी निघाला. एप्रिल २०२२ मध्ये त्याच्या हाताखाली मुंबईनं रियाधला इराकच्या एअर फोर्स क्लबला हरवलं. आशियाच्या चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबानं जिंकलेला तो पहिला सामना. मग २०२३च्या नोव्हेंबरात तोही गेला, आपल्या जन्मगावी, ऑक्सफर्डला. ऑक्सफर्ड काही या कुटुंबातलं नव्हे, त्यामुळे हे जाणं पुतण्यानं मोठ्या मनानं पचवलं. घर सोडून घरी जाणाऱ्या माणसावर कोण रागावणार? पण नवा कोच कुठून यावा? पुन्हा मेलबर्नहूनच. पेत्र क्रात्की. "मेलबर्नला आपल्यासाठी रोपं करतात की काय?" मी म्हणालो. नारायणगावच्या आसपास इतक्या रोपवाटिका आहेत की आमच्याकडे ही उपमा आपसूक सुचते. टोमॅटोचं रोप ट्रेमध्ये वाढतं एकीकडे आणि लागतं दुसऱ्याच्या रानात. रोपाला विचारत नाही कुणी, रानालाही नाही. क्रात्कीच्या रोपाला फळ मात्र धरलं: मे २०२४ मध्ये कोलकात्यात अंतिम सामन्यात मोहन बागानला त्यांच्याच मैदानावर ३-१.

तरीही पुतण्याच्या मनात एक कुसळ राहिलंच. जिंकल्यावर त्याला वाटे, हे आपण जिंकलो की मँचेस्टरच्या एखाद्या कपाटातली फाइल जिंकली? हे कुसळ मला ओळखीचं आहे. आमचं घर अकरा माणसांचं होतं. आजोबांचा कारभार. 'सगळं सगळ्यांचं' हे त्या घराचं घोषवाक्य, आणि दुधावरची साय मात्र रोज एकाच वाटीत उतरे, ती थोरल्या चुलतभावाच्या. नवा शर्ट आधी त्याला, मग मधल्याला, मग मला. माझ्यापर्यंत येईतो शर्टाला इतरांच्या कोपरांचा आकार आलेला असे. कुणाच्या मनात पाप नव्हतं. एकत्र कुटुंबात अन्याय हा कुणी करत नाही, तो उतारावरच्या पाण्यासारखा होतो.

म्हणूनच सावियो नावाच्या ब्राझिलियन पोराची गोष्ट ऐकली तेव्हा मला परक्याची वाटली नाही. २०२२ साली त्याला याच कुटुंबातल्या फ्रान्समधल्या ट्रॉयेस क्लबानं विकत घेतलं. ट्रॉयेसकडून तो एकही सामना खेळला नाही. हॉलंडात जाऊन आला, मग जिरोनात एक हंगाम गाजवला, आणि २०२४ मध्ये मँचेस्टरला थोरल्या घरी पोचला. ट्रॉयेसच्या एखाद्या म्हाताऱ्या शौकिनाचा विचार माझ्या मनातून जात नाही. त्याच्या घरातून वरात निघाली, आणि नवरदेव त्यानं पाहिलाच नाही.

तो जिरोनाचा हंगामही औरच. छोटं गाव, आणि स्पेनच्या लीगमध्ये थेट तिसरा नंबर. आता थोरला आणि धाकटा दोघंही युरोपच्या एकाच स्पर्धेत! नियम म्हणतो, एका मालकाचे दोन संघ एका फडात नकोत. तेव्हा मालकांनी जिरोनाचा हिस्सा एका हंगामापुरता त्रयस्थ विश्वस्तांच्या हाती ठेवला. हे वाचून मला १९६१चा सीलिंग कायदा आठवला. जमीन किती ठेवायची याला मर्यादा आली तेव्हा कुणाकुणाची शेतं रातोरात कुणाकुणाच्या नावावर झाली, याच्या कथा पारावर अजून रंगतात. एका कथेत तर वारस म्हणून बैलाचं नाव लागलं होतं. युरोपात निदान माणसं तरी होती. पण या खात्यात कागद वेळेवर सरकला नाही तर काय होतं, ते इंग्लंडच्या क्रिस्टल पॅलेस क्लबला विचारावं. २०२५च्या मे महिन्यात त्यांनी एफए कप जिंकला, इतिहासातला पहिला मोठा चषक, आणि तोही मँचेस्टर सिटीला हरवून. पण त्यांच्या एका भागीदाराचा फ्रान्सच्या ल्याँमध्येही हिस्सा, आणि तो हिस्सा निस्तरायची मुदत एक मार्चची. चषक मे महिन्यात, मुदत मार्चमध्ये! पॅलेसला एक पायरी खालच्या स्पर्धेत बसवलं. त्यांचे लोक रस्त्यावर उतरले. मला त्यांच्याबरोबर तहसील कचेरीच्या पायरीवर बसून चहा घ्यावासा वाटला.

शौकिनांचा राग मात्र नाना तऱ्हांचा असतो. स्ट्रासबुर्ग आणि चेल्सी यांचा मालक एक. म्हणून स्ट्रासबुर्गचे पोरगे घरच्या सामन्यात पहिली पंधरा मिनिटं मुकाट उभे राहू लागले. पुढे जानेवारी २०२६ मध्ये त्यांचा कोचच चेल्सीनं नेला. पंधरा मिनिटांचा अबोला आमच्या आजीला पुरेसा वाटला नसता. तिचा एक अबोला पोळ्यापासून संक्रांतीपर्यंत चालला होता. पण सगळ्यात जीवाला लागतो तो ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गचा किस्सा. २००५ मध्ये रेड बुलनं तो क्लब घेतला आणि त्याचा पिढीजात जांभळा रंग काढून लाल-पांढरा केला. लोक जांभळ्यासाठी हटून बसले. तडजोड म्हणून पुढे आलं ते असं, की बाहेरगावच्या सामन्यात गोलकीपरचे मोजे जांभळे ठेवू. मोजे! मालकाला वाटलं, पावशेर जांभळा दिला. शौकिनांनी तो नाकारला, वेगळी चूल मांडली आणि जुन्या नावानं नवा क्लब काढून अगदी खालच्या पायरीपासून खेळायला सुरुवात केली. मी ही गोष्ट सांगितली तेव्हा पुतण्यानं खिळ्यावरच्या शर्टाकडे पाहिलं, आणि नकळत पायातल्या मोज्यांकडेही.

पुणेकरांना तर या बाबतीत मोजेही मिळाले नाहीत. २००७ साली पुणे एफसी निघाला, २०१२-१३ला देशात दुसरा आला, २०१५ला मिटला. मधे २०१४ला नारंगी रंगाचा पुणे सिटी आला, त्याला इटलीच्या फिओरेन्तिनाची जोड होती, तोही २०१९ला मिटला. पुतण्याच्या कपाटात ते नारंगी दिवस अजून घडी घालून ठेवलेले आहेत. मुंबईकर होण्याआधी तो बालेवाडीला जात असे, आणि मुंबईचा शर्ट पहिल्यांदा घातला तेव्हा त्याला, त्याच्याच शब्दांत, 'दुसरं लग्न केल्यासारखं' झालं. क्रिकेटमध्येही तेच. कोलकात्याच्या एका उद्योगसमूहानं २०१६ला पुण्याला 'रायझिंग पुणे सुपरजायंट्स' दिला, दुसऱ्या वर्षी नावातला शेवटचा 'स' काढून टाकला, आणि त्याच वर्षी, २०१७च्या अंतिम सामन्यात, आम्ही मुंबईकडून एका धावेनं हरलो. काही मंडळी अजून म्हणतात, तो 'स' असता तर ती एक धाव निघाली असती. मग संघ गेला. नाव मात्र गेलं नाही. २०२२ला ते लखनौत उगवलं, 'स'सकट. आणि २०२३ला त्याच मालकांनी ते मोहन बागानच्या मागे जोडलं, १८८९ सालच्या क्लबाच्या. पुण्याचं उतरलेलं बाशिंग आज दुसरी शहरं बांधून मिरवतात. मी टीव्हीवर ते नाव ऐकलं की बोहारणीनं नेलेली आईची साडी परक्या दोरीवर वाळताना दिसावी तसं होतं.

आमच्या बैलगाड्याच्या घाटात हा सगळा प्रकार उलटा आहे. तिथं एका गाड्याला चार बैल, आणि ते चार बैल कधी दोघांचे, कधी तिघांचे. निवेदक नावं पुकारतो तेव्हा एका बारीला चार गावं उभी राहून टोप्या उडवतात. तिकडं एका मालकाचे डझनभर संघ. इकडं एका संघाचे चार मालक. मधली सात वर्षं न्यायालयानं शर्यती थांबवल्या होत्या, तेव्हाही हे बैल कुणी मोडले नाहीत. नुसते दारात बांधून पोसले. डिसेंबर २०२१ला परवानगी मिळाली तेव्हा घाटात आलेले काही बैल आधी एकदाही पळालेले नव्हते. सावियोसारखेच म्हणा. फरक इतकाच, की यांना दावणीवर रोज कुणीतरी नावानं हाक मारत होतं.

बैलांवरून आठवलं. आमच्या घराची वाटणी झाली तेव्हा मी सातवीत होतो. भांडी मोजून, झाडं मोजून, विहिरीचे दिवस ठरवून सगळं झालं, आणि शेवटी बैलजोडी राहिली. एक बैल आम्हाला, एक चुलत्यांना. एका बैलानं नांगर चालत नाही. म्हणून एकमेकांशी न बोलणारे ते दोन भाऊ सावड करत. एक दिवस जोडी आमच्या रानात, एक दिवस त्यांच्या. निरोप माझ्यामार्फत: "त्यांना सांग, उद्या सकाळी लागेल." चुलते अंगणात, वडील ओट्यावर, मधे दहा पावलं, आणि मी निरोप्या. बैलांना या वाटणीचा पत्ताच नव्हता. त्यांच्या लेखी नांगर एकच होता.

आजी आमच्या वाट्याला आली होती. वाटणीनंतर कित्येक महिने ती भाकरीला पीठ काढायची ते अकरा जणांचं. आई हळूच म्हणायची, "आत्याबाई, पाच माणसं आहोत." आजी पिठात हात तसाच ठेवून म्हणायची, "हाताला माप बसलंय गं." आणि जास्तीच्या भाकरी फडक्यात बांधून मला मागच्या दारानं पाठवायची. एकत्र होतो तेव्हा याच आजीनं थोरल्या सुनेच्या नावानं किती बोटं मोडली होती, हे सगळ्या आळीला ठाऊक होतं.

डिसेंबर २०२५च्या अखेरीस मुंबई सिटीचीही वाटणी झाली. आपल्या लीगचं पुढे काय होणार हेच ठरत नव्हतं. मँचेस्टरच्या मंडळींनी आपला हिस्सा सोडला आणि क्लब पुन्हा जुन्या संस्थापक मालकांच्या हाती आला. मी मुद्दाम वाट वाकडी करून दुकानात गेलो. वाटलं, पोरगा सुटल्यासारखा हसत असेल. सहा वर्षं 'आपण त्यांची आठवी खोली' म्हणून कुरकुरत होता. तो नळ्यांच्या वेटोळ्यावर बसला होता. "बरं झालं की रे," मी म्हणालो. "हो, बरंच झालं," तो म्हणाला, "आता जिंकलो तर आपणच जिंकलो. हरलो तरी आपणच." आणि शर्टावरची धूळ झटकली. रंग तोच होता. आधीही तोच होता.

परवा दुपारी पुन्हा गेलो, पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह घ्यायला. ऊन रणरणत होतं, बाजारपेठ पेंगत होती. पुतण्या काउंटरखाली मोबाइल धरून वाकला होता, शाळेत माझी पोरं बाकाखाली चिंचा खायची तसा. मी विचारलं, काय बघतोस? तो दचकला. मेलबर्नचे सामने आपल्याकडच्या दुपारी असतात. "काही नाही, असंच. सवय राहिलीय," तो ओशाळून म्हणाला. मी काही बोललो नाही. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, सोळा एमएमची नळी मागू लागलं. पुतण्या उठता उठता परत एकदा मोबाइलकडे पाहून मला म्हणाला, "एका गोलनं मागं आहोत आपण," आणि नळी मोजायला लागला.